अस्सलबरहुकूम

कोल्हापुरास मराठी चित्रपटाचे माहेरघर म्हणण्याची रूढी आता इतकी मुरली आहे की, त्या माहेरी लेकीचे दागिने किती शिल्लक राहिले याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. मंगळवार पेठेपुरतेच बोलावयाचे तर, खासबाग मैदानाला लागून शाहू छत्रपतींच्या कारकीर्दीत उभे राहिलेले पॅलेस थिएटर, खरी कॉर्नरचे, याच गावात घडलेल्या चित्रपट-कॅमेऱ्याचे स्मारक आणि भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ एवढी तीन ठिकाणे कोणीही परगावच्या पाहुण्यास पायी हिंडून दाखवावी आणि दाखवून झाल्यावर अभिमानाने चहा पाजावा. परंतु त्याच पाहुण्याने, या कॅमेऱ्याने टिपलेला पहिला चित्रपट मला दाखवा, असे म्हटले तर यजमानास खाली मान घालावी लागेल. वास्तू राहिल्या, वास्तूंमध्ये जे निर्माण झाले ते बहुतांशी नष्ट झाले. पॅलेस थिएटर, म्हणजे पुढचे केशवराव भोसले नाट्यगृह, ऑगस्ट २०२४ मध्ये आगीच्या भक्ष्यस्थानी पडले तेव्हा सारे शहर हळहळले. पण त्याच्या मोजमापांचे नकाशे आहेत, छायाचित्रे आहेत, त्यांच्या आधारे ते पुन्हा उभे करता येते. ज्या चित्रपटाची दुसरी प्रत कोणी काढून ठेवली नाही, तो जळाल्यावर पुन्हा उभा करण्याची विद्या मात्र कोणापाशीच नाही.

प्रत काढून ठेवण्याच्या या व्यवहाराचा इतिहास फारसा कोणी लिहिलेला नाही, कारण नक्कल करणाऱ्यास कर्त्याचा मान मिळत नाही. वस्तुतः आपल्या जुन्या दफ्तरखान्यांत नक्कल हे जबाबदारीचे काम असे. करवीर दरबारच्या मोडी कागदांचे रुमाल आजही कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहेत, आणि अशा दफ्तरांतील एखादी सनद किंवा इनामपत्र पाहणाऱ्यास हे लगेच ध्यानात येते की, अस्सल कागद एकीकडे, त्याची नक्कल दुसरीकडे, नक्कल अस्सलाबरहुकूम उतरली आहे की नाही याची रुजुवात घेणारा तिसराच कारकून, अशी ती व्यवस्था केवळ रिकामटेकड्या दरबारी शिष्टाचारापोटी नव्हती, तर वाळवी, पाऊस, आग आणि भाऊबंदकी या चारही शत्रूंना पुरते ओळखून ती केलेली होती. गावात दोन ठिकाणी दोन कागद असले म्हणजे एक जळाला तरी वतन जळत नाही. ही साधी गोष्ट ज्या शहराच्या कारभाऱ्यांना ठाऊक होती, त्याच शहरातील चित्रपटाच्या धंद्याला ती उमगण्यास फार उशीर लागला.

धंद्याची सुरुवात मात्र विलक्षण होती. आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर हे नात्याने भाऊ. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता त्यांना हलत्या चित्रांचा ध्यास लागला. विलायती कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नाही, तेव्हा तो आपणच करावा, असे त्यांनी ठरविले. आनंदराव १९१६ मध्ये निवर्तले, आणि पुढे बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या साहाय्याने तो कॅमेरा सिद्ध केला. गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिले, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. कीचकवधाचा प्रसंग पाहून प्रेक्षक हादरले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्यानंतर ‘सिंहगड’ आला, ‘कल्याण खजिना’ आला, १९२५ मध्ये नारायण हरी आपट्यांच्या कथेवरील ‘सावकारी पाश’ आला, ज्यात तरुण शांतारामबापूंनी कर्जात बुडालेला शेतकरी उभा केला. या साऱ्यांविषयी आपण जे लिहितो, ते पाहिलेल्यांनी लिहून ठेवलेले वाचून लिहितो. स्वतः पाहून लिहिता येत नाही. ‘सैरंध्री’ नाही, मूक ‘सिंहगड’ नाही, मूक ‘सावकारी पाश’ नाही. १९२७ च्या ‘मुरलीवाला’ आणि ‘सती सावित्री’ यांचे काही भाग तेवढे वाचले आहेत.

हे असे का झाले, याचे कारण त्या काळच्या फिल्मेच्या जातीत आहे. पस्तीस मिलिमीटर रुंदीची ती पट्टी नायट्रोसेल्युलोजची. बंदुकीचा धुराविरहित दारूगोळा ज्या द्रव्यापासून होतो त्याचीच ती सख्खी बहीण. ती एकदा पेटली म्हणजे पाण्यानेही विझत नाही, कारण जळण्यास लागणारा प्राणवायू तिच्या पोटातच असतो. आणि न पेटता नुसती डब्यात बंद राहिली तरी आपोआप विघटित होऊन प्रथम पिवळी, मग चिकट आणि अखेरीस तपकिरी भुकटी होते. कॅमेऱ्यातून निघालेली निगेटिव्ह हे अस्सल. ती कोऱ्या फिल्मेवर थराला थर लावून प्रकाशात धरावयाची आणि पॉझिटिव्ह उतरवावयाची, ही नक्कल. अशा पाच-दहा प्रती निघत, त्या गावोगाव फिरत, प्रक्षेपकाच्या दातऱ्यांनी त्यांच्या कडा फाटत, ऑपरेटर फाटलेला भाग कापून उरलेला जोडी, आणि शहरात चाललेला चित्रपट तालुक्याच्या तंबूत पोहोचेपर्यंत दोन-चार प्रसंगांनी आखूड झालेला असे. अखेर ती प्रत निकामी ठरली म्हणजे तिचा शेवटचा गिऱ्हाईक तयारच असे. कारण फिल्मेवरील चित्र चांदीच्या कणांनी बनलेले असते आणि ती चांदी धुऊन काढणारे कारखानदार रिळांचे डबे वजनावर विकत घेत. बोलपटांच्या आगमनानंतर मूकपटांना बाजारात दिडकीची किंमत उरली नाही, तेव्हा निगेटिव्हही त्याच वाटेने गेल्या. ज्यांनी विकल्या त्यांना दोष देण्याचा अधिकार आपणास नाही. कर्जबाजारी निर्मात्याला चांदी दिसते, इतिहास दिसत नाही. भारतात हजारांहून अधिक मूकपट तयार झाले आणि त्यांपैकी अथपासून इतिपर्यंत पाहता येतील असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले, ते याचमुळे.

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीचे दैव काहीसे बरे निघाले. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ इथेच चित्रित झाला, आणि एकच प्रसंग मराठीत व पुन्हा हिंदीत असा दोनदा टिपण्याची तेव्हाची पद्धत असल्यामुळे एका कथेची दोन अस्सले तयार झाली. ती व्यापारासाठी होती, जतनासाठी नव्हे. पण इतिहासाला हेतूशी कर्तव्य नसते. पुढल्याच वर्षी प्रभातने पुण्यास बिऱ्हाड हलविले, आणि त्याच सुमारास राजाराम महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूर सिनेटोन निघाला. ही कंपनी मावळल्यानंतर तिचा स्टुडिओ भालजींनी घेतला आणि त्याचे जयप्रभा असे नामकरण केले. मंगळवार पेठेच्या चित्रपटीय आयुष्याचा मध्यान्ह तो हाच.

याच आवारात नकलेच्या अभावाची सर्वांत कडू कहाणी घडली. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत महात्माजींची हत्या झाली आणि त्यानंतर दक्षिण महाराष्ट्रात जो जाळपोळीचा वणवा पेटला त्यात जयप्रभा स्टुडिओ सापडला. भालजींचा ‘मीठभाकर’ तेव्हा तयार झालेला होता. त्याची निगेटिव्ह आगीत गेली. आजच्या वाचकाने येथे क्षणभर थांबून एवढेच पाहावे की, त्या चित्रपटाची दुसरी निगेटिव्ह मुंबईच्या एखाद्या लॅबोरेटरीत किंवा पेठेतीलच दुसऱ्या एखाद्या माडीवर ठेवलेली असती, तर ती आग स्टुडिओची राहिली असती, चित्रपटाची झाली नसती. दुसरी प्रत नव्हती. मग भालजींनी काय केले? त्यांनी तोच चित्रपट पुनश्च आरंभापासून चित्रित केला, आणि १९४९ मध्ये तो प्रदर्शित झाला. जळालेल्या चित्राची नक्कल कलावंतांच्या देहांवरून व कर्त्याच्या स्मृतीवरून उतरविण्याचा हा प्रकार धैर्याचा खरा, पण तो कोणास परवडणारा नाही. भालजींनाही तो परवडला नाही. कर्ज वाढले, आणि अखेर स्टुडिओची मालकी लता मंगेशकरांकडे गेली. पुढे, २०२२ च्या फेब्रुवारीत, त्याच वास्तूच्या विक्रीवरून चित्रकर्मींनी आणि नागरिकांनी उपोषणे केली, हे पेठेत सर्वांना ठाऊकच आहे.

येथवर नक्कल करणे हे कंपनीचे आणि लॅबोरेटरीचे काम होते; सामान्य गृहस्थाचा त्यात हात नव्हता. त्याचा चित्रपटाशी संबंध तिकिटापुरता, फार तर गणेशोत्सवात गल्लीच्या तोंडाशी पांढरे कापड ताणून सोळा मिलिमीटरच्या प्रक्षेपकावर रात्री उशिरापर्यंत दाखविल्या जाणाऱ्या चित्रापुरता. रस्त्यावर पसरलेल्या सतरंज्यांवर एका बाजूने पुरुष, एका बाजूने बायका, आणि जागा न मिळालेली मुले पडद्याच्या पाठीमागे बसून उलटी चित्रे पाहणारी, हा प्रकार चाळिशी ओलांडलेल्या कोणाही कोल्हापूरकरास सांगावा लागणार नाही. चित्रपट घरात येऊन राहिला तो १९८२ नंतर. दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरचित्रवाणी आली, तिच्या पाठोपाठ व्हीसीआर आला, आणि एका रात्रीच्या भाड्याने टीव्ही, व्हीसीआर व तीन कॅसेटी आणून सारी चाळ पहाटेपर्यंत जागविण्याची चाल पडली. कॅसेट लायब्रऱ्या निघाल्या आणि त्यांच्याबरोबरच दोन व्हीसीआर एकमेकांस वायरीने जोडून एका कॅसेटवरून दुसरी भरून घेण्याची कलाही घरोघर पोहोचली.

ती नक्कल मात्र दफ्तरखान्यातील कारकुनास खचित मान्य झाली नसती. चुंबकीय फितीवरील चित्र हे लहरींच्या रूपात असते. नकलेत मूळ लहरीबरोबर यंत्राची खरखर उतरते, नकलेच्या नकलेत ती खरखर दुणावते, आणि चौथ्या पिढीस नायिकेचा चेहरा ओठांच्या रंगावरूनच ओळखावा लागतो. व्हीएचएस कॅसेटीत आडव्या बाजूने जेमतेम २४० रेषांइतका तपशील मावे, त्यातून असा ऱ्हास. याच सुमारास सरकारही जागे झाले; १९८४ च्या दुरुस्तीने १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात व्हिडिओ चित्रपटांसाठी तरतुदी आल्या, आणि चोरट्या प्रतींचा धंदा करणाऱ्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व किमान पन्नास हजार रुपये दंड, अशी कडक शिक्षा ठरली. धंदा काही थांबला नाही. घरात बसून लग्नाच्या कॅसेटीची प्रत नातेवाइकांसाठी काढणारा गृहस्थ आणि नव्या चित्रपटाच्या शेकडो प्रती विकणारा इसम, या दोघांच्या हातात यंत्र तेच होते. फरक हेतूचा होता, आणि तो फरक कायद्यालाही नेहमीच नेमका टिपता आला असे नाही.

नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात तबकडी आली आणि नक्कल या व्यापाराचे स्वरूपच पालटले. तबकडीवर लहरी नसतात, आकडे असतात. आणि आकड्यांची नक्कल, ती जर नीट झाली तर, अस्सलापेक्षा एका अंशानेही कमी नसते. पहिली व्हीसीडी तशी गरीबच. ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे चित्र, एका तबकडीत चौऱ्याहत्तर मिनिटांची क्षमता, त्यामुळे अडीच तासांचा चित्रपट दोन-तीन तबकड्यांत तोडून येई आणि नेमका रंगात आलेल्या प्रसंगी कोणाला तरी उठून सीडी बदलावी लागे. मागून आलेल्या डीव्हीडीत ७२० बाय ५७६ ठिपके, म्हणजे चौपट तपशील. लेसरच्या किरणाची तरंगलांबी ७८० वरून ६५० नॅनोमीटरवर आल्यामुळे आवर्तांच्या रेषा अधिक निकट आणता आल्या आणि एकाच तबकडीत अख्खा चित्रपट मावला. २००७ मध्ये मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी अठ्ठावीस रुपयांना व डीव्हीडी चौतीस रुपयांना विकावयास काढली, तेव्हा जुने मराठी चित्रपटही सर्वसामान्य घराच्या कपाटात येऊन बसले. याच कंपनीने त्यापूर्वी कोऱ्या तबकड्यांच्या उत्पादनात जगभर नाव कमावले होते. म्हणजे चित्रपट विकणारा आणि चित्रपटाची नक्कल करण्याचे साहित्य विकणारा एकच. २०१८ मध्ये ती कंपनी अवसायनात गेली.

या काळात पेठेच्या प्रत्येक गल्लीत असा एखादा गृहस्थ असे की, ज्याच्याकडे डीव्हीडी रायटर आहे आणि जो ‘राइट करून’ देतो. त्यातही दोन पंथ होते. पहिल्या पंथाचा भर संख्येवर. एका डीव्हीडीत पाच चित्रपट कोंबून देणाऱ्या बाजारू तबकड्यांचा तो घरगुती अनुयायी. दुसऱ्या पंथाची माणसे थोडी, पण त्यांचे काम पाहण्यासारखे. असा मनुष्य अस्सल तबकडी प्रथम उजेडाकडे तिरपी धरून पाही. ती पुसावयाची झाल्यास मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसी. गोल गोल कधीही नाही, कारण गोलाकार ओरखडा आवर्ताच्या दिशेने जातो आणि सलग मजकूर गिळतो, तर आडव्या ओरखड्यातून तबकडीवरील दुरुस्तीची गणिती योजना वाट काढू शकते. अडीच तासांचा चित्रपट एकदम कोऱ्या तबकडीवर न उतरविता तो आधी संगणकाच्या हार्डडिस्कवर जसाच्या तसा घेई. त्या फोल्डरात चित्र व ध्वनी असलेल्या, प्रत्येकी सुमारे एक गिगाबाइटच्या व्हीओबी फाइली. कोणता प्रसंग कोठे आहे हे सांगणाऱ्या आयएफओ फाइली. आणि प्रत्येक आयएफओच्या जोडीला तंतोतंत तशीच एक बीयूपी फाइल. ही तिसरी फाइल म्हणजे सूचीची नक्कल. एक सूची ओरखड्याने वाचेनाशी झाली तर दुसरी उपयोगी पडावी म्हणून ती तबकडीच्या रचनाकारांनीच ठेवलेली आहे. प्रतीवाचून निभाव नाही, हे त्यांनी आपल्याच वस्तूच्या पोटात मान्य करून ठेवले आहे, आणि मला तरी यात मोठी गंमत वाटते.

यानंतर खरा पेच. बाजारात विकत मिळणारी चित्रपटाची डीव्हीडी बहुधा दोन थरांची, ८.५ गिगाबाइटची, घरी लिहिता येणारी स्वस्त कोरी तबकडी एका थराची, ४.७ गिगाबाइटची. मोठ्या सनदेचा मजकूर लहान कागदावर उतरवावयाचा, तेव्हा काय करावे? उतावळ्याचा उपाय असा की, चित्र आणखी दाबून बारीक करावे. तसे करणारी आज्ञावली फुकट मिळे, तासाभरात काम होई, आणि पहिल्या दृष्टिक्षेपात फरकही कळत नसे. पण अंधारातील प्रसंगांत काळ्या रंगाचे चौकोन उठत, धावत्या घोड्यांभोवती ठिपक्यांची गर्दी होई, आणि मोठ्या पडद्याचा टीव्ही घरात आल्यावर पाच वर्षांपूर्वीची ती चतुराई उघडी पडे. जाणता मनुष्य चित्राला हात लावीत नसे. तो प्रारंभीच्या जाहिराती, नको असलेली परभाषी ध्वनिपट्टी आणि मुलाखती वगळून मूळ चित्रपट अबाधित ठेवी. तरीही मावत नसेल तर मध्यंतराशी तोडून दोन तबकड्या करी, किंवा जादा पैसे टाकून दोन थरांची कोरी तबकडी आणी. त्यापुढे लिहिण्याचा वेग. तबकडीवर सोळापट वेग छापलेला असला तरी तो चारपट किंवा आठपट वेगाने लिही, कारण कोऱ्या तबकडीत लेसरने सेंद्रिय रंगाच्या थरावर खुणा उमटवावयाच्या असतात आणि घाईत त्या खुणा अस्पष्ट राहतात. लिहून झाल्यावर लिहिलेले सारे पुन्हा वाचून मुळाशी ताडून पाहण्याचा पर्याय त्या आज्ञावलीत असे. त्यास आणखी वीस मिनिटे लागत, आणि दहापैकी नऊ लोक ते टाळीत. दरबारातील रुजुवात ती हीच. ती न घेता दिलेली तबकडी चार महिन्यांनी पाहुण्यांसमोर ‘अडकायला’ लागली म्हणजे दोष कोऱ्या तबकडीच्या छापाला दिला जाई.

नाव घालण्याचीही रीत होती. कागदी लेबल चिकटविल्यास तबकडीचा तोल जातो, बॉलपेनने लिहिल्यास टोक रुतते. म्हणून मऊ टोकाच्या मार्करने आतल्या कड्याजवळ चित्रपटाचे नाव व तारीख. तबकड्या एकीवर एक रचून नव्हे, तर उभ्या ठेवावयाच्या, आणि पश्चिमेच्या खिडकीपासून दूर. सीडीच्या बाबतीत तर वरची, नाव लिहिण्याची बाजूच अधिक नाजूक, कारण चकाकणारा थर तिच्याखाली लाखेच्या पातळ पापुद्र्यापुरताच दडलेला असतो. डीव्हीडीत तो दोन पातळ चकत्यांच्या मध्ये सुरक्षित बसतो.

कुलुपाची गोष्ट येथे टाळता येत नाही. चित्रपटाच्या डीव्हीडीवर कंपन्यांनी गुप्तलेखनाचे कुलूप घातले होते, आणि १९९९ मध्ये नॉर्वेतील यून योहान्सन या शाळकरी मुलाच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या आज्ञावलीने ते उघडले. त्याच्यावर खटला झाला. स्वतः विकत घेतलेली तबकडी पाहण्यासाठी कुलूप उघडणे हा गुन्हा नव्हे, असे म्हणत तेथील न्यायालयांनी २००३ मध्ये दोन वेळा त्यास निर्दोष सोडले. आपल्या अधिनियमात २०१२ च्या दुरुस्तीने ६५अ हे कलम आले. त्यात हक्कभंगाच्या इराद्याने असे कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि त्याच दुरुस्तीने खाजगी वा वैयक्तिक उपयोगासाठी केलेल्या रास्त वापराची सवलत चित्रपटासही लागू झाली. संगणकाच्या आज्ञावलीची राखीव प्रत काढण्यास कायदा स्पष्ट शब्दांत मुभा देतो. चित्रपटाच्या राखीव प्रतीबद्दल तितके स्पष्ट शब्द नाहीत. विकत घेतलेल्या आपल्या तबकडीची एक प्रत आपल्याच कपाटात ठेवणाऱ्यास चोर म्हणणे मला न्यायाचे वाटत नाही. तीच प्रत शेजाऱ्यास दहा रुपयांना देणाऱ्यास मात्र मी साव म्हणणार नाही. चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे चालतो. ‘मीठभाकर’ त्या मुदतीबाहेर केव्हाच गेला; त्याच्या प्रती काढण्यास आता या हक्काची आडकाठी नाही, केवळ आस्था हवी.

आस्थेचे मोल कळण्यास आणखी एक आग लागली. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने १९६४ पासून, मुख्यतः पी. के. नायर यांच्या चिकाटीमुळे, गावोगावचे गंजलेले डबे गोळा केले होते. त्यांतील नायट्रेटची रिळे फिल्म इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे जुन्या प्रभातच्याच, आवारातील कोठारात ठेवलेली होती. ८ जानेवारी २००३ रोजी त्या कोठारास आग लागली आणि सुमारे सहाशे चित्रपटांची पाच हजारांवर रिळे भस्मसात झाली. कोल्हापुरात जन्मलेल्या प्रभातची अस्सले त्यांत गेली. तथापि या आगीनंतर कोणास ‘अयोध्येचा राजा’ पुन्हा चित्रित करावा लागला नाही. त्याच्या प्रती आधीच सहजी न पेटणाऱ्या सेफ्टी फिल्मेवर उतरवून निराळ्या ठेवलेल्या होत्या, म्हणून तो आजही पाहावयास मिळतो. १९४८ आणि २००३ या दोन आगींमधील अंतर पंचावन्न वर्षांचे आहे, आणि त्या दोहोंत फरक पडला तो केवळ नकलेने.

पेठेतील घरगुती तबकड्यांची मुदत आता भरत आली आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी लिहिलेल्या स्वस्त तबकड्यांतील रंगाचा थर फिका पडतो, कडेकडून ठिपके उमटतात. कॅसेटींना बुरशी धरली आहे. आणि नव्या संगणकास तबकडी वाचण्याचे यंत्रच नसते. ज्यांच्या घरी अशा तबकड्या, लग्नाच्या कॅसेटी किंवा आजोबांच्या वेळचे फिल्मेचे डबे असतील, त्यांनी दिवाळीच्या झाडलोटीत ते भंगारात घालू नयेत. तबकडी अजून वाचली जाते तोवर तिची प्रतिमा चित्र न दाबता हार्डडिस्कवर घ्यावी, दुसरी प्रत निराळ्या घरी, शक्य तर निराळ्या गावी ठेवावी, आणि दोन्ही वर्षातून एकदा उघडून ताडून पाहाव्यात. फिल्मेचा डबा सापडल्यास, आणि उघडताना व्हिनेगरसारखा आंबूस किंवा नासका दर्प आला तर विशेषेकरून, तो उन्हात न ठेवता व घरच्या प्रक्षेपकावर न चढविता पुण्याच्या चित्रपट संग्रहालयास कळवावे. ‘सैरंध्री’चे एखादे रीळ कोल्हापुरातील कोणत्याच माळ्यावर नाही, असे अजून कोणी शपथेवर सांगितलेले नाही.